जनरलची कात

शनिवारी सकाळी पाण्याची बशी बदलायला लालाने काचेच्या पेटीचं झाकण उचललं, तर जनरल उताणा पडला होता. आठही पाय वर, पोट छताकडे. गेले तीनेक महिने त्याने काही खाल्लंच नव्हतं. पेटीत सोडलेला रातकिडा त्याच्या पाठीवर चढून बसला तरी जनरल त्याला काही करत नसे, उलट स्वतःच अंग चोरून कोपऱ्यात सरकत असे.

"मेला," लाला स्वतःशीच म्हणाली आणि पलंगाच्या कडेवर टेकली.

आधी तिला सुटल्यासारखं वाटलं. मग आपल्याला सुटल्यासारखं वाटलं म्हणून वाईट वाटलं, आणि तिने घाईघाईने छातीवर क्रूसाची खूण केली.

जनरल हा तिच्या मुलाचा, फेर्मीनचा, टॅरंटुला. पंजाएवढा केसाळ कोळी, अंग काळं आणि गुडघ्यांवर निखाऱ्यासारखे लाल पट्टे. फेर्मीन सीमेपलीकडच्या देशात, याकिमा गावी सफरचंदांच्या कारखान्यात कामाला गेला तेव्हा ही पेटी आईच्या खोलीत ठेवून गेला होता. "नर आहे, आई," त्याने जाताना सांगितलं होतं. "नर फार जगत नाहीत. फार तर दोन वर्षं. थोडे दिवस सांभाळ. तोवर मी येतोच."

या गोष्टीला आता सहा वर्षं होऊन गेली होती.

थोडे दिवस म्हणून लालाकडे जे जे आलं ते असंच राहिलं. सासू पेत्रोनिला, सगळ्यांची दोन्या म्हणजे बाई, ईस्टरच्या आठवड्यापुरती आली आणि त्याच घरातून तिची शवपेटी निघाली. बहिणीच्या दोन मुली शाळा सुरू होईपर्यंत आल्या आणि लग्नं होईपर्यंत राहिल्या. नवरा रुतिलिओ तेकोमानहून लिंबांचे ट्रक चालवायचा. त्याचा उजवा हात एका सकाळी उचलेना, डॉक्टर म्हणाले थोडे दिवस विश्रांती, आणि पुढची कैक वर्षं तो खिडकीशी खुर्चीत बसून राहिला. त्याला भरवताना, पुसताना, कूस बदलून देताना लालाची पाठ कायमची गेली. तो गेल्यावर त्या खुर्चीच्या जागी काही महिने नुसती भिंत होती. मग तिथे जनरल आला.

काम तसं काही फार नव्हतं. आठवड्याला एक रातकिडा, बशीत पाणी, कधीतरी माती. पण रातकिडे विकत आणायचे, ते एका टबात जगवायचे, त्यांना बटाट्याची सालं घालायची. ते रात्रभर किरकिरणार. शिवाय जनरल चिडला की मागच्या पायांनी पोटावरचे केस उडवायचा, आणि लालाच्या मनगटांवर दोन-दोन दिवस खाज उठायची.

तिने फोनवर फेर्मीनला निरोप बोलून ठेवला. "बाळा, तुझा जनरल गेला. रात्रीच केव्हातरी गेला असेल. त्रास काही झाला नसावा. अंगणातल्या पेरूखाली पुरते. जेवत जा वेळेवर."

मग ती स्वयंपाकघरात गेली, कारण शनिवारी गाडीवर गर्दी असते आणि टोमॅटो अजून उकडायचे होते.

लाला सोपितो विकायची. मक्याच्या पिठाच्या लहानशा पुऱ्या, तळून कडक केलेल्या, वर खिमा, बारीक कोबी, आणि मग टोमॅटोचं पातळ सार इतकं ओतायचं की खाणाऱ्याच्या कोपरापर्यंत ओघळ गेला पाहिजे. त्यांच्या कोलिमा शहरात सोपितोच्या गाड्या पुष्कळ, पण लालाच्या साराला गिऱ्हाईक वाकडी वाट करून यायचं. संध्याकाळी पाच ते दहा ती उभी असायची. घरी परतल्यावर पाय मिठाच्या कोमट पाण्यात बुडवून बसायची आणि कधी कधी तिथेच तिचा डोळा लागायचा.

दुपारी चाबेला कोबी चिरायला आली. चाबेला म्हणजे फेर्मीनची बाप्तिस्म्याची धर्ममाता, लालाची शेजारीण आणि गाडीवरची जोडीदारीण.

"जनरल गेला," लालाने सांगितलं.

"आई गं! मग तुझा चेहरा इतका टवटवीत का दिसतोय?"

"गप्प बस. चल, आधी त्याला पुरून येऊ. मुंग्या लागतील."

लालाने रुतिलिओचा जुना चमचा घेतला, चाबेलाने एक रिकामा बुटांचा खोका. दोघी खोलीत गेल्या. लालाने झाकण उचललं आणि तशीच थांबली.

पेटीत दोन जनरल होते. एक जुना, विटका, डोक्यावरचं झाकण उघडल्यासारखा फाटलेला. आणि त्याच्या शेजारी दुसरा, ओला चकचकीत, काळा कुळकुळीत, गुडघे नुकतेच रंगवल्यासारखे लाल. तो दमून पसरला होता. एक पाय सावकाश हलवून बघत होता.

चाबेलाने खोका खाली ठेवला. "देवाने तुझं गाऱ्हाणं ऐकलं, लाला. पण उलटं ऐकलं."

आधीही त्याने कात टाकली असणार, पण पेटीतल्या पोकळ विटेच्या आत. एखाद्या दिवशी वाळलेलं काहीतरी बाहेर ढकललेलं दिसायचं आणि लाला ते केरात टाकायची. उघड्यावर उताणा पडून तो हे करतो हे तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने चमच्याने जुनं कातडं अलगद उचललं. कांद्याच्या सालीइतकंही वजन नव्हतं. का कोण जाणे, तिने ते फेकलं नाही. धुण्याच्या हौदाच्या कठड्यावर कागद पसरून त्यावर ठेवलं आणि फेर्मीनला दुसरा निरोप टाकला. "मेला नाही. उठला."

संध्याकाळी गाडीवर चाबेलाने हा किस्सा येईल त्याला सांगितला. कुणी म्हणालं चर्चमध्ये मेणबत्ती लाव, कुणी म्हणालं माझ्या सासऱ्यालाही असंच झालं होतं, पुरायला निघालो तर उठून कॉफी मागितली.

बाउदेलिओ ओचोआ तेवढा हसला नाही. कोकिमात्लानच्या रस्त्याला त्याची लिंबाची बाग होती. झाडांना रोग लागून ती गेल्यावर त्याने बागेतल्या शेडमध्ये परवाना काढून टॅरंटुला वाढवायला सुरुवात केली होती. दर शनिवारी येऊन तो गुपचूप दोन ताटल्या सोपितो खाऊन जायचा. बोटं चाटून झाल्यावर त्याने विचारलं, "कातडं टाकून दिलंत का, दोन्या लाला?"

"नाही. का?"

"नर आहे म्हणता?"

"मुलगा म्हणाला होता."

"मुलाने त्यालाच विचारलं होतं का?" बाउदेलिओने रुमालाला हात पुसले. "नर मोठा झाला की पुन्हा कात टाकत नाही सहसा. वर्षभरात आटोपतो. तुमच्याकडे सहा वर्षं आहे, त्याआधी मुलाकडे तीन-चार धरा. नर असता तर केव्हाच गेला असता. सोमवारी तुमची सुट्टी ना? येऊन बघतो."

"बघून काय करायचंय? मला काय त्याचं लग्न लावायचंय?"

"ते नंतर ठरवू," बाउदेलिओ म्हणाला.

सोमवारी तो आला तो स्वच्छ शर्ट घालून. हातात भिंग, दात कोरायच्या काड्या आणि रंगकामाचा एक बारीक ब्रश. लालाने सूपची बशी दिली. त्याने तिच्यात पाणी घेतलं, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला आणि कातड्याचा पोटाकडचा चुरगळलेला भाग आत सोडला.

"मऊ व्हायला वेळ लागेल. कोरडं उलगडलं तर तुकडे होतात."

तिघं अंगणात बसली. लालाने दालचिनी घातलेली कॉफी केली. बाउदेलिओने बागेचं सांगितलं, आधी पानं पिवळी पडली, मग लिंबं अक्रोडाएवढीच राहायला लागली, मग एक दिवस फवारणी करायची सोडून तो झाडाखाली नुसता बसून राहिला. "कंटाळलो होतो," तो म्हणाला. "झाडांना कळतं माणूस कंटाळलाय ते."

"कोळ्यांना कळतं का?" लालाने विचारलं.

"कोळ्यांना काही फरक पडत नाही. म्हणून तर बरं आहे त्यांचं."

मग त्याने बशी पुढे ओढली. काडीने एक बाजू दाबून धरली आणि ब्रशने दुसरी बाजू हळूहळू सारली. ओलं कातडं तळहातावर पसरलेल्या बारीक रुमालासारखं उलगडत गेलं. त्याने फोनचा दिवा लावून चाबेलाच्या हातात दिला. "खालून धरा. हलू नका."

"मी कधी हलते?" चाबेला म्हणाली आणि हलली.

"हे चार पांढरे ठिपके दिसतात? श्वास घ्यायच्या जागा. आता वरच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध बघा. घडी आहे ना आडवी? नर असता तर तिथे काहीच नसतं, साधी घडी. इथे घडीच्या वर काय आहे?" त्याने ब्रशचं टोक त्या घडीखाली सरकवलं. एक इवलीशी झालर सुटी होऊन वर उचलली गेली, लहान मुलीच्या फ्रॉकच्या खिशासारखी. "ही तिची पिशवी. नराचं बीज ती यात साठवून ठेवते. मादी आहे, दोन्या लाला. चांगली मोठी झालेली मादी."

चाबेलाने भिंगातून बघितलं आणि खोलीच्या दिशेने हाक मारली, "माफ करा हं, जनरलीणबाई! इतकी वर्षं तुम्हाला मिशा चिकटवल्या!"

लालाने भिंग घेतलं नाही. "माद्या किती जगतात?"

बाउदेलिओ जरा घुटमळला. "नीट ठेवली तर पंचवीस. तीससुद्धा."

"म्हणजे अजून किती?"

"पंधरा तरी. वीसही काढेल."

लाला उठली. तिने कॉफीचे पेले गोळा केले, हौदाशी नेले, आणि धुतलेले पेले पुन्हा धुवायला लागली. मग तिचे खांदे हलायला लागले. चाबेलाला वाटलं ती रडते आहे, म्हणून ती उठून गेली, तर लाला हसत होती. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला तिचे हात ओले होते.

"एकसष्ट वर्षांची आहे मी, चाबेला. वीस वर्षं! मला भरवायला कुणी नसेल तेव्हा मी तिला रातकिडे भरवत असेन."

"अगं, आठवड्याला एक तर किडा. त्याचं काय एवढं?"

"कामाने दमत नाही गं मी. लक्षात ठेवून ठेवून दमते."

बाउदेलिओ बशीतलं पाणी पेरूला ओतून परत आला होता. त्याने ते ऐकलं. "माझ्याकडे एक नर आहे," तो म्हणाला. "जुळणारी मादी मी शोधतच होतो. तुम्हाला ठेवायची नसेल तर मी नेतो तिला. कायमची. गुरुवारी गाडी घेऊन इकडे येतोच आहे. विचार करा."

"मुलाला विचारावं लागेल," लाला म्हणाली.

फेर्मीनचा फोन त्याच संध्याकाळी आला. पाळी संपवून तो गाडीत बसला होता. मागे कुणीतरी दार आपटत होतं.

"आई, दोन निरोप आहेत तुझे. एकात मेलाय, एकात उठलाय. नक्की काय?"

"मेला नाही," लाला म्हणाली. "मेली नाही."

फेर्मीनने गाडीची काच वर केल्याचा आवाज आला.

"म्हणजे कळलं तुला," फेर्मीन म्हणाला.

लालाने हातातलं फडकं खाली ठेवलं. "तुला ठाऊक होतं?"

"जायच्या आदल्या वर्षी कात टाकली होती तिने. तेव्हा बघितलं होतं मी."

"मग नर म्हणून का सांगितलंस मला?"

"आणखी वीस-पंचवीस वर्षं जगेल म्हटलं असतं तर ठेवून घेतली असतीस?"

"नसती घेतली."

"म्हणूनच ना, आई. ती एवढीशी होती तेव्हापासून वाढवलेली. विकवत नव्हती, नेताही येत नव्हती."

लालाला राग यायला हवा होता. तिने तो शोधून पाहिला. पण राग यायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं. तिला तो लहान असतानाचा आठवला, तापात असूनसुद्धा शाळेत जाण्यासाठी कपाळ ओल्या फडक्याने थंड करून ठेवणारा. खोटं त्याला तेव्हाही धड बोलता यायचं नाही, फडकं उशीखाली सापडायचंच.

"आणि तू दोन वर्षांत येतो म्हणालास, तेही तसंच का?"

"नाही गं." त्याचा आवाज बसला होता. "ते मला खरंच वाटायचं. एकदा इथून निघालो की पुन्हा इकडे येता येणार नाही, आई. कागद नाहीत. आणि तिथे येऊन करू काय? तुला सांगायचं सांगायचं म्हणत राहिलो."

"हं."

"तिला नको देऊस कुणाला. माझं तेवढंच आहे त्या घरात. थोडे दिवस ठेव."

खिडकीबाहेर शहरामागच्या ज्वालामुखीच्या टोकावर धुराची रेघ होती. लाला ती बघत राहिली. आजवर हे शब्द तिला ज्यांनी ज्यांनी म्हटले त्यांना तिने हो म्हटलं होतं, आणि ते मनापासून म्हटलं होतं. आताही हो म्हणणंच सोपं होतं.

"बाउदेलिओ गुरुवारी गाडी घेऊन येतायत," ती म्हणाली. "त्यांच्याकडे ती नीट राहील. मला आता नाही झेपत, फेर्मीन."

"बरं," तो म्हणाला.

"जेवलास का?"

"जेवेन."

"काय जेवशील?"

"बघतो काहीतरी."

तिने फोन ठेवला आणि गॅस पेटवायला गेली. मुलगाही दमला आहे, हे त्याच्या "बघतो"वरून तिला कळलं होतं. पण दोघांच्या दमण्याचा भार एकटीने उचलावा एवढी ताकद तिच्यात उरली नव्हती.

गुरुवारी बाउदेलिओच्या गाडीत ती पेटी मांडीवर घेऊन बसली. मागच्या बाकावर चाबेला, रातकिड्यांचा टब सांभाळत. त्यांची किरकिर रस्ताभर चालू होती.

लिंबांच्या पेट्या ठेवायच्या त्या शेडमध्ये आता भिंतभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर डबे. आत सावली होती आणि ओल्या मातीचा वास. बाउदेलिओने नर दाखवला. तो अगदीच किडकिडीत होता, सगळे पायच पाय, पोट म्हणजे वाळका मनुका. पुढच्या पायांना आतल्या बाजूने बारीक आकडे होते आणि तोंडाजवळच्या दोन आखूड पायांची टोकं मुष्टियोद्ध्याच्या हातांसारखी फुगलेली. "असा दिसतो मोठा झालेला नर," बाउदेलिओ म्हणाला. "याला कातडं बघायची गरज नाही. पुढचा ईस्टर काही बघायचा नाही हा."

"बिचारा," लाला म्हणाली. "ती खाणार तर नाही ना त्याला?"

"पोट भरलेलं असेल तर सहसा नाही. म्हणून आधी तिला जेवू घालतो."

"माझ्या आईने पण लग्नाच्या दिवशी मला आधी जेवूच घातलं होतं," चाबेला म्हणाली. "तरी एकदा दोनदा मनात आलंच होतं."

बाउदेलिओने मादीला नव्या पेटीत उतरवलं. तिने मातीवर एक पाय टेकवून पाहिला, मग दुसरा, आणि पोकळ लाकडाच्या आत निघून गेली. मागे वळून बघण्याची तिची जातच नव्हती. लाला मात्र काचेशी वाकून त्या लाकडाच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याचा तिला अचंबा वाटला, कारण त्या प्राण्यावर तिचं प्रेम आहे असं तिला कधीच वाटलं नव्हतं, आणि आताही वाटत नव्हतं. तिने मनगट खाजवलं आणि बाहेर येऊन गाडीत बसली.

घरी आल्यावर ती दुपारची आडवी झाली. फक्त पाठ टेकायची म्हणून. उठली तेव्हा दिवेलागण झाली होती, सोपितोची गाडी लावायची वेळ टळून गेली होती, आणि चाबेला दाराशी खुर्ची टाकून वाटाणे सोलत बसली होती.

"उठवलं का नाहीस?"

"उठवलं. तू मला 'थांबा सासूबाई, आले' म्हणालीस. म्हटलं राहू दे."

तेव्हापासून गाडी गुरुवारीही बंद राहू लागली. गिऱ्हाइकं कुरकुरली आणि बुधवारी जास्त खायला लागली. झोपेने थकवा काही गेला नाही. इतक्या वर्षांचा होता तो, हाडांत उतरलेला. पण घर शांत झालं होतं, आणि कूस बदलताना आपण कुणाचं काही विसरलो का असं आता तिच्या मनात येत नसे.

बाउदेलिओने बातम्या आणल्या. भेट नीट पार पडली, नर पळून सुटला आणि पावसाआधीच एका सकाळी पाय मुडपून गेला. मादीने रेशमाचा गोळा विणला आणि तो पोटाखाली धरून हलेना. पुढे त्यातून शेकडो पिल्लं निघाली, डाळीच्या दाण्याएवढी. एका शनिवारी त्याने खिशातून औषधाची छोटी डबी काढून गाडीच्या कडेला ठेवली.

"तुमच्यासाठी. जनरलीणबाईंची आठवण."

लालाने साराचा डाव हातात धरूनच वाकून पाहिलं. "नर की मादी?"

"एवढ्या लहानपणी नाही कळत. दोन-तीन वर्षं जाऊ द्यावी लागतात."

"मग न्या परत," लाला म्हणाली, आणि त्याच्या ताटलीत नेहमीपेक्षा दोन सोपितो जास्त घातले.

फेर्मीनचे रविवारचे फोन सुरुवातीला अवघड गेले. आधी "जनरल काय म्हणतोय" इथून बोलणं सुरू व्हायचं. आता दोघंही हवा काय म्हणते ते विचारायची आणि फोन ठेवायची. मग एकदा त्याने विचारलं, सारात टोमॅटो उकडून घालतेस की भाजून. लालाने सांगितलं, उकडून, आणि मांस शिजवलेलं पाणी टाकून देऊ नकोस. पुढच्या रविवारी त्याने विचारलं लवंग किती. त्याच्या पुढच्या रविवारी त्याने विचारलं नाही, सांगितलं, की कंबर धरते हल्ली, सफरचंदांच्या सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहवत नाही, आणि कारखान्यात दुसरं बसून करायचं काम मिळतंय का ते तो बघतोय. लालाने ते सगळं ऐकून घेतलं. यायला सांगितलं नाही.

ईस्टरच्या पुढच्या आठवड्यात ती आणि चाबेला बसने कुयुत्लानला समुद्रावर गेल्या. तिथली काळी वाळू दुपारी पाय भाजते, म्हणून दोघी ताडपत्रीच्या सावलीत लाकडी खुर्च्यांवर पसरून तुबा, म्हणजे नारळाच्या झाडाची नीरा, पीत बसल्या. चाबेला लगेच घोरायला लागली. लालाचा फोन वाजला. फेर्मीनने फोटो पाठवला होता. स्टीलच्या ताटलीत पाच सोपितो, वर कोबी, आणि चारी बाजूंनी सार.

तिने फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, आणि त्याला फोन लावला.

"जाड झालेत," ती म्हणाली. "पीठ थोडं सैल भिजव."

"बरं," फेर्मीन म्हणाला. "आणि चव?"

"चव मला इथून कशी कळणार? तूच सांग."

तो खाऊन बघेपर्यंत ती फोन कानाशी धरून बसली.